संकष्टी, खडक आणि चार पाऊण तीन

नमस्कार मंडळी. आज भीतीच्या गोष्टींबद्दल बोलूया. भुतांच्या नाही हां, भूत आपल्याकडे वाडीला एकेक आहेच.

मी एक गोष्ट लिहायला घेतलीय, ऐका. पुण्याचा नातू सुट्टीत आजीकडे आलाय, त्या दिवशी आजीची संकष्टी. नातू म्हणतो मी मित्राकडेच जेवतो गं, आणि सकाळी दहाच्या सुमाराला एकटाच पुळणीवरून चालत समुद्रातल्या एका सुट्या खडकावर जातो, ओहोटी असते, पाय पण धड भिजत नाहीत. वर चढून टोपी तोंडावर, कानात इअरफोन, आणि झोप.

आता हे पुण्यात वाचून दाखवा, लोक म्हणतील बरं, मग पुढे? पण आपल्या किनाऱ्यावरचा माणूस 'संकष्टी' शब्दालाच अडकतो, कारण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हे त्याच्या आजोबांनी शिकवलेलं असतं. चतुर्थी, चार पाऊण तीन. म्हणजे तीनला भरती पुरी, आणि हा घोरतोय. पोराने काहीच चुकीचं केलेलं नाही, मी 'भयाण', 'काळोख' असला एक शब्द वापरलेला नाही, तरी पोटात गोळा येतो. का? तर तुम्हाला जे ठाऊक आहे ते त्याला नाही, आणि रेडिओतून हात घालून त्याला हलवता येत नाही.

उलटंही होतं. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोची १८४३ सालची 'द टेल-टेल हार्ट' ही गोष्ट घ्या. खून करणारा माणूस आपल्याला पटवतोय की मी वेडा नाही, बघा किती शिस्तीत केलं सगळं, आणि तो जितकं पटवतो तितके आपण मागे सरकतो. त्याला प्रेत लपवलेल्या फळ्यांखालून काळजाचे ठोके ऐकू येतायत आणि पोलीस तिथेच बसून आरामात गप्पा मारतायत!

नवीन लिहिणारे इथेच माती करतात. पात्रालाच आधी घाबरवतात, मग कुत्रं रडतं, लाईट जाते. अरे, त्याला झोपू दे ना निवांत.

माझ्या गोष्टीत खरी गोम आजी आहे. भरती तिला तोंडपाठ, पण नातू कुठे गेलाय ते माहीत नाही. नातवाला जागा माहीत, तिथी नाही. दोन्ही माहीत फक्त तुम्हाला. उपासामुळे दुपारी घरात पानं मांडलेली नाहीत, म्हणून कोणी हाक मारायलाही जात नाही. रात्री शेजारीण विचारते, नातू खंय गेलो? आजी मोदकांचं पातेलं उतरवत म्हणते, येतलो गो, चंद्रोदय व्हायचो आसा अजून.