शहाळं चालत नाय

[मागीलदार, सकाळची वेळ. पायरीवर प्लास्टिकची बाटली.]

ही बाटली दिसतेय ना पायरीवर, कोल्ड्रिंकची, लेबल काढलेली, मार्करने रेघा मारलेली, ही बाबांची. किडन्या निकामी झाल्यात त्यांच्या, म्हणून दिवसाला 800 मिली. दिवसभराचं सगळं यातलंच, म्हणजे नुसतं पाणी नाही, चहा, पेज, कढी, गोळ्या गिळायला लागतो तो घोट, सगळं यातच मोजायचं. हिशोब डॉक्टरांनी घालून दिलाय, दिवसाला जेवढी लघवी होते तेवढं अधिक 500 मिली, आणि बाबांना होते जेमतेम 300. सकाळी बाबा कपभर चहा प्यायले की आई बाटलीतलं कपभर पाणी तुळशीला ओतते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कसंतरीच झालं होतं, आता सवय झाली.

आमचं गाव मालवण तालुक्यात, खाडीला लागून. मे महिना आहे, घामाने शर्ट अंगाला चिकटतो, आणि घराभोवती सतरा माड आहेत.

बाबांना शुगर आणि बीपी दोन्ही जुनं, त्यात गुडघे दुखतात म्हणून दुकानातून पेनकिलर आणून खायची सवय, वर्षानुवर्षं, कोणाला न विचारता. किडनीचा घोळ हाच की ती दुखत नाही. पायाला सूज आली, बाबा म्हणाले उभं राहून आली असेल, जेवणावरची वासना गेली, म्हणाले उन्हाळा आहे. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, नऊच्या पुढे, फारच जास्त, आणि जीएफआर म्हणून आकडा असतो, किडनी किती गाळते त्याचा, तो 15 च्या खाली गेला की शेवटची म्हणजे पाचवी स्टेज, बाबांचा सात होता.

मग माणसं बघायला यायला लागली. कोकणात आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने कोण जातं? शेजारच्या काकी शहाळी घेऊन आल्या, "शहाळा हाडलंय हो भावजींक, पोटात थंडावो येतलो." मामा आला तो कुळीथ घेऊन, कुळथाचं पाणी किडनीला चांगलं म्हणे. आणि जो तो एकच सांगतो, पाणी भरपूर प्या. आता हे सगळं सांगतात ते मुतखड्यासाठी हो! खडा झाला की डॉक्टरसुद्धा पाणी भरपूर प्या म्हणतात, पण बाबांची किडनी पाणी बाहेरच टाकत नाही, ते जाणार कुठे, पायात, नाहीतर फुप्फुसात. मुतखडा वेगळा आणि किडनी फेल होणं वेगळं, हे मी गेल्या दोन वर्षांत इतक्यांदा सांगितलंय की पाटी करून दारावर लावावी असं वाटतं.

शहाळ्याचं दुखणं पोटॅशियमचं. एका शहाळ्यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम सहज असतं, चांगली किडनी ते लघवीतून काढून टाकते, बाबांची नाही काढत, मग ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं, आणि बिघडेपर्यंत बऱ्याचदा काही कळतच नाही. केळी, आंबा, फणस, सुका मेवा सगळं त्याच माळेतलं. करमळं, म्हणजे ते तारेसारखं कापलं जाणारं आंबट फळ, ते तर किडनीच्या पेशंटने तोंडातसुद्धा घालू नये, त्यातलं विष थेट मेंदूवर जातं, उचक्या लागतात, झटके येतात. आणि बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ना, बीपीवाल्यांना चांगलं म्हणून, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. आम्ही तेच आणत होतो, महिनाभर!

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबांनी दुपारी सगळे झोपलेले असताना तीन हापूस खाल्ले. संध्याकाळी पायात त्राण नाही, उठता येईना. रात्री गाडी करून नेलं, पोटॅशियम 6.8, म्हणजे फारच वाढलेलं, ईसीजी बघून डॉक्टरांनी डायलिसिसची मशीनच लावली, किडनीच्या जागी रक्त गाळते ती. आई काही बोलली नाही, घरी आल्यावर आंब्याची आढी तेवढी शेजारी नेऊन दिली.

[स्वयंपाकघर. आई भाजी चिरतेय.]

आईचं काम दुप्पट झालंय. भाजी बारीक चिरायची, कोमट पाण्यात दोनेक तास ठेवायची, ते पाणी फेकायचं, परत भरपूर पाण्यात उकडायची, तेही फेकायचं, मग फोडणी. पोटॅशियम बरंचसं पाण्याबरोबर जातं, चवही जाते. मीठ नावाला, कारण मीठ खाल्लं की तहान, आणि तहान म्हणजे बाटली. ते फेकायचं पाणी आई माडाच्या मुळाशी ओतते. माडाला पोटॅशियम लागतंच, म्हणजे बघा, बाबांच्या भाजीतनं काढलेलं शेवटी शहाळ्यातच जाणार.

माशांची गंमत वेगळीच. सुरुवातीला डायलिसिस नव्हतं तेव्हा प्रोटीन कमी करा सांगितलं, मासे एकदम थोडे, बाबा म्हणाले, "मासे नाय तर जेवान कसला?" मग डायलिसिस सुरू झालं आणि तेच डॉक्टर म्हणाले आता खा, मशीन प्रोटीनपण थोडं खेचून घेते, अंड्याचा पांढरा भाग खा, ताजे मासे खा. त्या दिवशी घरात सण होता हो. सुकं मात्र बंदच, खारा बांगडा, सुकट, काही नाही, मीठ तर आहेच त्यात आणि फॉस्फरसपण, तोही बाबांची किडनी बाहेर टाकत नाही. फॉस्फरसची एक गोळी आहे, ती जेवता जेवताच घ्यायची, पोटातल्या अन्नातला फॉस्फरस ती धरून ठेवते. आम्ही सहा महिने जेवण झाल्यावर तासाभराने देत होतो, म्हणजे नुसतीच गिळली.

[डायलिसिस युनिट. मशीनचा आवाज.]

आठवड्यातून तीनदा, चार तास. पहाटे पाचला निघायचं, कारण सकाळची शिफ्ट मिळालीय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसल्यामुळे डायलिसिसचे पैसे लागत नाहीत, रिक्षाचे लागतात, आणि महिन्याला बारा-तेरा फेऱ्या म्हणजे ते काही थोडे नाहीत. आल्यावर आधी वजन, गेल्या वेळेपेक्षा अडीच किलो वाढलं असलं की नर्स बाबांकडे बघते आणि बाबा छताकडे बघतात. तेवढं सगळं पाणीच असतं, तेच खेचायचं, आणि जास्त खेचलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात. मशीनमधनं मिनिटाला अर्धा लिटर पाणी फिरतं, चार तासांत 120 लिटर. बाबांनी एकदा मला ते गणित करायला लावलं. 120 ऐकून बाबा हसले, तोंड सुकलेलं होतं त्यांचं.

डाव्या हाताला इथे फुगलेलं दिसतंय, हा फिस्टुला. धमनी आणि शीर जोडून देतात, मग शीर जाड होते, सुया घालता येतात, त्यासाठी दीडदोन महिने थांबावं लागतं. हात ठेवून बघा, होडीचं इंजिन चालू असताना फळीवर हात ठेवल्यासारखं थरथरतं. बाबा रोज सकाळी उठल्या उठल्या तेच बघतात. थरथर थांबली तर लगेच पळायचं, उशीर केला तर फिस्टुला वाया जातो. या हाताला बीपी नाही, इंजेक्शन नाही, ओझं नाही.

ट्रान्सप्लांटचं विचाराल तर आई स्वतःची किडनी द्यायला तयार होती, पण तिलाही शुगर निघाली. बाबांचं नाव किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत घातलंय.

[परत मागीलदार, संध्याकाळ.]

शूटिंग संपत आलं तेव्हा काकी आल्या, हातात शहाळी. त्यांना सगळं माहीत आहे आता, पण रिकाम्या हाताने येवक नाय होणा त्यांना. बाबा म्हणाले ठेव गो. पूर्वी बाबा तीन घावात शहाळं उघडायचे, आता शहाळं धरायचं म्हणजे तोच डावा हात, म्हणून कोयता आई घेते. एक आमच्या कॅमेरावाल्याला दिलं. तो बिचारा बाबांकडे बघून प्यायला कचरत होता, बाबाच म्हणाले, "पी रे, माझ्या वाटणीचा पी."

मग स्वतःची बाटली उचलली, रेघ बघितली, दोन बोटं पाणी उरलं होतं. त्यातला एक घोट तोंडात धरून ठेवला, बराच वेळ.

"गोड आसा मा?"