आटे कशात रुततात

[दृश्य : अंधारलेलं ऑपरेशन थिएटर. सी-आर्मच्या (शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर राखाडी हाडं, मध्ये एक बारीक तार.]

निवेदन : कमरेच्या तुटलेल्या हाडात स्क्रू बसवायचा आहे, आणि त्याला वाट दाखवणारी ही तार तीन मिलिमीटरहून बारीक आहे. नितंबाच्या बाजूला जेमतेम सेंटिमीटरभर चीर, तिथून ती आत गेली आहे. वरच्या अंगाला पाचव्या कटिमणक्याची नस, खालच्या अंगाला त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या तिकोनी हाडाच्या, छिद्रातून उतरणारी नस. त्या दोघींच्या मधून वाट काढायची आहे.

आपण ज्याला कमरेचं हाड म्हणतो, ते खरं तर एक कडं आहे. दोन बाजूंना दोन रुंद हाडं आणि मागे त्यांच्यात पाचरीसारखी बसलेली त्रिकास्थी. काचेची बांगडी पिचली की सहसा एका जागी तडकून भागत नाही, तसंच या कड्याचं. ट्रकची धडक बसते, कुणी मजल्यावरून पडतं, आणि कडं पुढेही तुटतं, मागेही. धडाचा भार पायांकडे उतरतो तो मागच्या बाजूने. तिथेच हा स्क्रू घालायचा.

१९९० च्या दशकात सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात डॉ. राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाला उताणं ठेवून, मोठी चीर न घेता तो घालण्याची पद्धत रूढ केली.

[दृश्य : तळहातावर स्क्रू.]

जाडी साधारण ६.५ ते ७.३ मिलिमीटर. आतून पोकळ, कारण तो त्या तारेवरूनच सरकत जातो. पोकळ म्हटल्यावर कमजोर वाटेल. पण १० मिलिमीटरच्या भरीव दांडीला मधोमध ५ मिलिमीटरचं भोक पाडलं, तर धातू चौथ्या हिश्शाने कमी होतो आणि ताठपणा फक्त सोळाव्या हिश्शाने.

खरी काळजी हाडाची. त्रिकास्थीचे दोन्ही पंख, म्हणजे तिच्या दोन बाजूंचे पसरट भाग, आतून विरळ असतात, म्हातारपणी तर चरबीने भरलेले. दाट हाड मध्यावर. आखूड स्क्रूचे आटे पंखातच संपले, तर त्यांना धरायला फारसं काही उरत नाही. म्हणून तो मध्यापर्यंत नेतात, कधी थेट पलीकडच्या हाडापर्यंत. आणि शक्य तिथे दोन घालतात. एका खिळ्यावर ठोकलेली फळी त्या खिळ्याभोवती फिरते.

[दृश्य : प्रयोगशाळा. यंत्रात उभं केलेलं कमरेचं हाड.]

चाचणीत तुटलेलं आणि स्क्रूने जोडलेलं हे कडं एकाच खुब्यावर उभं करतात, एका पायावर उभ्या राहिलेल्या माणसासारखं. वरून भार येतो, जातो, पुन्हा येतो, हजारो वेळा. मोजायची ती तुटल्या जागची फट : किती मिलिमीटर उघडली, किती अंश फिरली.

इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. असं हाड कधी कृत्रिम असतं, कधी देहदानातून आलेलं. कुणाच्या तरी घरच्यांनी चितेला अग्नी न देता देह सोपवला, म्हणून ही फट मोजता आली.

[दृश्य : वॉर्ड. वॉकर धरून उभा तरुण.]

चालताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. हाड जुळेपर्यंत, बहुधा ६ ते १२ आठवडे, तो सगळा भार या दोन स्क्रूंवर पडू द्यायचा नाही. फिजिओथेरपिस्ट वाकून त्याच्या तळव्याकडे पाहते आहे.

"दादा, नुसता टेकवा. वजन नका टाकू."