गुणिले बावीस

श्रोतेहो, नमस्कार. परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांच्या घरखर्चाबद्दल आज बोलायचंय. परदेश म्हटलं की अमेरिकाच डोळ्यांपुढे येते, पण मी बोलणार आहे दुबईबद्दल. डॉलरमधल्या पगारांच्या गप्पा नकोत, महिन्याच्या किराण्याच्या करू.

तिथल्या पगारावर आयकर नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण 1 जानेवारी 2018 पासून तिथे पाच टक्के व्हॅट आहे, आणि तो डाळ-तांदळालाही लागतो. घराच्या वार्षिक भाड्याच्या पाच टक्के रक्कम गृहशुल्क म्हणून वीज-पाण्याच्या बिलातून हप्त्याहप्त्याने कापली जाते, ती वेगळी. आणि भाडं? ते आपल्यासारखं दर महिन्याला द्यायचं नसतं. वर्षाचे चेक आधीच लिहून द्यायचे. कुणाचे चार, कुणाचे दोन, मालक अडून बसला तर एकच. लक्षात घ्या, पगार महिन्याला आणि भाडं आगाऊ. सगळी ओढाताण तिथेच होते.

आता निफाडच्या अण्णांची गोष्ट सांगतो. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी पुन्हा ऐकावी.

माझी आतेबहीण दुबईत कुसैस भागात राहते. तिचे सासरे अण्णा, कांदा उत्पादक. जानेवारी 2024 मध्ये नातवाला भेटायला गेले. त्याआधी, 8 डिसेंबर 2023 ला, आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. ऐन लाल कांद्याच्या हंगामात. लासलगावचे भाव महिनाभरात निम्म्याखाली आले. (कांदा महागला की सरकारं पडतात म्हणे. स्वस्त झाला म्हणून पडलेलं सरकार काही माझ्या ऐकिवात नाही. असो.)

तर अण्णा सुनेबरोबर सुपरमार्केटात गेले. भाजीच्या विभागात कांद्याचा ढीग, वर भावाची पाटी. अण्णांनी एक कांदा उचलला, दाबला, देठाकडून वास घेतला, सालीवर नख मारलं. "हा कुठला गं?"

"तुर्कस्तानचा, अण्णा. आपला येत नाही सध्या."

"पाणचट आहे. ह्याला काय चव असंल?" म्हणाले, आणि पाटी वाचली. किलोला साडेसहा दिरहम.

तेवढ्यात भाजी लावणारा केरळी पोरगा आला. त्याला वाटलं, आजोबांची काही तक्रार आहे. अण्णा त्याला मोडक्या हिंदीत समजावायला लागले की कांदा असा उघड्यावर रचायचा नसतो, खालचा दबतो, हवा खेळली पाहिजे. तो पोरगा मान डोलवत राहिला. सून म्हणते, मी तोवर तेल, तूरडाळ, दूध सगळं घेऊन आले तरी ह्यांचं व्याख्यान चालूच.

घरी आल्यावर अण्णांनी बंडीच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. कांद्याची पट्टी, म्हणजे बाजार समितीतल्या विक्रीची पावती. निघायच्या आदल्या आठवड्यात विकलेल्या ट्रॉलीची. क्विंटलला चौदाशे रुपये, वरून हमाली, तोलाई कापलेली. ती पट्टी त्यांनी टेबलावर दुकानाच्या बिलाशेजारी ठेवली. दिरहमला तेव्हा बावीस रुपये पडत. साडेसहा गुणिले बावीस, एकशे त्रेचाळीस रुपये. इकडे चौदा रुपये, तिकडे एकशे त्रेचाळीस. "दहापट! आन् मधले कोण खातंय?"

सून म्हणाली, "अण्णा, गुणू नका. गुणायला लागलं की इथं पाणीसुद्धा पिववत नाही."

श्रोतेहो, हे वाक्य मला फार आवडतं. कारण आपण इकडे बसून नेमकं उलटं करतो. मुलाचा पगार बावीसने गुणतो, त्याचं बिल मात्र गुणत नाही. पगार गुणतो, बिल गुणत नाही. 2014 च्या सुमारास दिरहमला साडेसोळा रुपये मिळत, दहा वर्षांत ते बावीस-तेवीसवर गेले, म्हणून आपल्याला वाटतं पोराचं बरं चाललंय. अहो, दिरहम डॉलरला बांधलेला आहे, 1997 पासून एकाच दराला. रुपया घसरला म्हणून तिथला दूधवाला स्वस्त देत नाही. आणि सुट्टीला आलेल्या माणसाला "काय आणलंस?" विचारण्याची आपली जी सवय आहे ना, ती तर कायद्यानेच बंद करायला हवी!

रात्री अण्णा मुलाला म्हणाले, "दोन-तीन महिने पैसे धाडू नको. तुमचंच भागंना." मुलगा म्हणाला, "अण्णा, पट्टी मी पाह्यली. ह्या वर्षी गावच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ता तुम्ही कुठून भरणार?" म्हणजे बघा, बंदी एकच. बापाचा भाव पाडला, मुलाचा किराणा वाढवला, आणि तिकडून यायची रक्कम कमी होण्याऐवजी वाढली. ती कुठून काढली? जुलैमधली गावाकडची फेरी रद्द करून. शाळांच्या सुट्टीत विमानाची तिकिटं अशीही आवाक्याबाहेर असतात. निर्यातबंदी उठली 4 मे 2024 ला, तीही 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलर किमान दराची अट घालून. अण्णांचा लाल कांदा तोवर कधीच विकून झाला होता.

वेळ संपत आलीय, म्हणून भाड्याचं तेवढं पटकन सांगतो. तुमचं कुणी दुबईत असेल तर कळवा. करार संपायच्या 90 दिवस आधी मालकाने कळवलं नसेल, तर भाडं वाढवता येत नाही. नव्वद दिवस. तुमचं भाडं त्या भागातल्या भाड्याच्या सरकारी निर्देशांकापेक्षा दहा टक्क्यांपर्यंतच कमी असेल, तर वाढ शून्य. फार कमी असलं तरी वाढ जास्तीत जास्त वीस टक्के. हा निर्देशांक जमीन विभागाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. तो आधी पाहायचा आणि मगच चेकवर सही करायची. मालक तोंडी काहीही सांगो.