झाडूगाडी येईपर्यंत

मित्रहो, येत्या २४ आणि २५ जुलै २०२६ ला, म्हणजे शुक्रवारी आणि शनिवारी, टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचे दोन टप्पे लागोपाठ आल्प द्युएझच्या माथ्यावर संपणार आहेत. असे यापूर्वी १९७९ साली झाले होते. तेव्हा पहिल्या दिवशी पोर्तुगालचा जोआकिम आगोस्टिन्यो जिंकला आणि दुसऱ्या दिवशी नेदरलँड्सचा योप झूटेमेल्क. मार्ग जाहीर झाल्यापासून आपण भेटलो की बोलणे एकाच वळणावर येते, आणि ते म्हणजे स्लोव्हेनियाचा पोगाचार गालिबिएच्या खिंडीतच इतरांपासून निसटेल की शेवटच्या सारेनच्या चढापर्यंत थांबेल. या चर्चेत मीही हिरिरीने भाग घेतो. आज मात्र मला शर्यतीच्या दुसऱ्या टोकाबद्दल बोलायचे आहे. घाटाच्या टप्प्यात सर्वांत मागे राहणारा जथा आणि त्याला पाळावे लागणारे वेळेचे गणित हा माझा विषय आहे, आणि त्या गणिताशिवाय घाटाचा टप्पा आपल्याला अर्धाच दिसतो, असे माझे ठाम मत आहे.

आल्प द्युएझची ओळख या सभागृहात करून देण्याची गरज नाही. १३.८ किलोमीटरचा चढ, सरासरी ८.१ टक्के चढण, २१ वळणे आणि १९५२ साली फाउस्तो कोप्पीने मिळवलेला पहिला विजय, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. एक गोष्ट तेवढी सांगतो, कारण आपण सगळेच त्याला सर्रास घाट म्हणतो. फ्रेंच भाषेत ‘कोल’ म्हणजे आपली खिंड. गालिबिए ही खिंड आहे, क्रुआ द फेर ही खिंड आहे. आल्प द्युएझ ही खिंड नाही, तर डोंगरउतारावर वसलेले, बर्फावरच्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तरीही मला घाट हाच शब्द योग्य वाटतो, कारण आपल्या भाषेत घाट म्हणताना नुसता डोंगर किंवा खिंड डोळ्यांपुढे येत नाही, तर चढणारा रस्ता आणि त्यावर लागणारा दम हे दोन्ही येतात. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला आपण ‘घाटाचा राजा’ म्हणतो, त्यातही हाच अर्थ आहे.

त्या २१ वळणांवर पाट्या आहेत आणि पाट्यांवर इथे जिंकलेल्यांची नावे आहेत. १९ जुलै २०१८ रोजी मी पायथ्यापासून पाचव्या-सहाव्या वळणावर उभा होतो. क्रमांक खालून वर उतरत जातात, त्यामुळे सर्वांत खालचे वळण एकविसावे आणि सर्वांत वरचे पहिले असते. सातव्या, म्हणजे डच प्रेक्षकांच्या गर्दीसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘डच वळणा’वर जाण्याची माझी इच्छा होती, पण तिथे माणसांची इतकी दाटी होती की मी खालीच थांबलो, आणि आज मला तो निर्णय भाग्याचा वाटतो. माझ्या शेजारी नेदरलँड्सच्या एक आजी घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढचे असावे. त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्रातून कापलेली सर्व सायकलपटूंची क्रमांकवार यादी होती आणि प्रत्येक नावापुढे त्यांनी पेन्सिलीने एक लहानशी चौकट आखली होती. सकाळी नऊपासून आम्ही तिथे होतो. जाहिरातदारांच्या गाड्यांचा ताफा टोप्या आणि खाऊची पाकिटे उधळत गेला. पुन्हा शांतता झाली. मग हेलिकॉप्टरचा आवाज दरीतून वर येऊ लागला आणि सगळा रस्ता उभा राहिला.

सर्वांत आधी स्टेव्हन क्राउसवाइक एकटा आला. क्रुआ द फेरवरच तो निसटला होता, त्यामुळे आजूबाजूच्या डच मंडळींच्या आनंदाला पारावार उरला नव्हता. पुढे शेवटच्या काही किलोमीटरांत त्याला गाठले गेले, हे आम्हाला नंतर कळले. त्याच्यामागून गेरेंट टॉमस एकूण आघाडीवर असणाऱ्याच्या पिवळ्या जर्सीत, सोबत फ्रूम, द्युमूलां, निबाली असे सगळे एका झुबक्यात गेले. तो टप्पा टॉमसने जिंकला. निबाली मात्र आमच्यापासून कितीतरी वर, प्रेक्षकांच्या गर्दीत, एका कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकून पडला, त्याच्या पाठीचा मणका मोडला आणि त्या अवस्थेतही त्याने टप्पा पूर्ण केला. रस्त्याच्या कडेला उभे राहणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवे. घाटात आपल्या आणि त्यांच्या मध्ये कठडा नसतो, आणि तो नसावा असे वाटत असेल तर तेवढी शिस्त आपल्या अंगी हवी.

पुढची मंडळी डोळ्यांसमोर होती ती फार तर अर्धा मिनिट. त्यानंतर तुटक तुटक गट येत राहिले आणि बघता बघता माणसे खुर्च्या मिटू लागली, छत्र्या गुंडाळू लागली, कोणी मोबाइलवर वरचा शेवट पाहण्यासाठी मोटारीकडे निघाले. आजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. सायकलपटू जवळ आला की त्या यादीत क्रमांक शोधायच्या, त्याला नावाने हाक मारायच्या आणि मग चौकटीत खूण करायच्या. पंचवीस-तीस मिनिटांनी शेवटचा मोठा जथा आला. इटालियन लोक त्याला ‘ग्रुपेत्तो’ म्हणतात, फ्रेंच लोक ‘ओतोब्यूस’ म्हणतात. ते चढत होते अगदी हळू, त्यामुळे प्रथमच चेहरे नीट दिसले. एकाने जर्सीची चेन पोटापर्यंत उघडली होती. त्याच्या काळ्या चड्डीवर सुकलेल्या घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. त्याने हात पुढे केला, मी पाण्याची बाटली दिली, त्याने ती न पिता मानेवर ओतली आणि रिकामी बाटली टाकून न देता पुन्हा माझ्या हाती ठेवली. त्याच्या बोटांची थरथर मला बाटलीतून जाणवली.

जथा गेला, त्यामागून एक-दोन एकटे गेले आणि शेवटी ती गाडी आली. आजींच्या यादीत डिलन ग्रोनवेगनपुढची चौकट कोरी होती. त्याच टूरमध्ये, अवघ्या काही दिवसांपूर्वी, त्याने लागोपाठ दोन टप्पे जिंकले होते. त्या दिवशी त्याच्यासह गाविरिया आणि ग्रायपेल या स्प्रिंटरांनीही, म्हणजे सपाटीवरच्या शेवटच्या धावेत जिंकणाऱ्यांनीही, वाटेतच शर्यत सोडली होती. आदल्या दिवशी कॅव्हेंडिश आणि किटेल वेळेच्या मर्यादेबाहेर जाऊन बाद झाले होते. आजींनी कोऱ्या चौकटीकडे थोडा वेळ पाहिले, कागदाची घडी घातली आणि मगच खुर्ची मिटली.

ती गाडी म्हणजे झाडूगाडी. १९१० साली टूर प्रथमच पिरेनीजच्या उंच खिंडींतून गेली, त्या वर्षी ही गाडी आली. ज्यांना पुढे जाणे अशक्य होई त्यांना रस्त्यावरून गोळा करायचे, म्हणून झाडू. पुढे तर गाडीवर खराखुरा झाडू बांधत असत. त्याच वर्षी ओक्ताव्ह लापीझने आयोजकांना तोंडावर ‘खुनी’ म्हटले होते, हे आपण सर्व जाणताच. त्या वर्षीची टूर त्यानेच जिंकली. म्हणजे घाटाच्या टप्प्याला घाटाचा राजा मिळायच्या आधी झाडूगाडी मिळाली. पर्वतराजाचे अधिकृत पारितोषिक १९३३ साली सुरू झाले आणि लाल ठिपक्यांची जर्सी तर १९७५ साली. घाटाची शर्यत आखणाऱ्यांना पहिल्याच वर्षी जो प्रश्न पडला तो मागे राहणाऱ्यांचा होता.

इथे मला एक दुःख सांगायचे आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच सह्याद्रीतल्या एका घाटशर्यतीत मी स्वयंसेवक होतो. पहिले सायकलपटू साडेआठला माथ्यावर पोचले, हार झाले, छायाचित्रे झाली, भाषणे झाली. साडेनऊला मांडववाला कमान उतरवू लागला, कारण त्याला दुसरीकडे जायचे होते. वेळ नोंदवणारी पट्टी गुंडाळली गेली. पाण्याचे कॅन टेम्पोत चढले. दहाच्या सुमारास शेवटच्या वळणावर एक मुलगा दिसला. पंधरा-सोळा वर्षांचा असेल. सायकल साधी, बिनगिअरची, मागे कॅरिअर तसेच. पायांत चपला, आणि डाव्या चपलेचा अंगठा तुटू नये म्हणून सुतळीने बांधलेला. तो वर आला आणि शर्यत कुठे संपते हे त्याला कळेना, कारण शेवटची रेघ चुन्याने आखली होती आणि टेम्पोच्या चाकांनी ती पुसली गेली होती. त्याने मला विचारले, “काका, अजून पुढे जायचं का?” मी त्याला थांब म्हणालो, टाळ्या वाजवल्या, माझ्याकडचे पाणी दिले, पण त्याची वेळ कोणाच्याही कागदावर नव्हती. निकालपत्रकात तो शर्यत सोडलेल्यांच्या यादीत गेला. ज्याने पूर्ण केली, त्याने सोडली अशी नोंद झाली. मी दोन वेळा पत्र लिहिले, दुरुस्ती झाली नाही. आज इतकी वर्षे झाली, तरी त्या मुलाचा प्रश्न माझ्या कानांतून जात नाही, आणि आजच्या या विषयाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

अध्यक्षांनी दहा मिनिटे उरल्याची चिठ्ठी पाठवली आहे, त्यामुळे गणिताकडे वळतो आणि ते भरभर मांडतो.

घाटाच्या टप्प्यात मर्यादा ठरते ती विजेत्याच्या वेळेवरून. टप्पा किती अवघड आणि विजेत्याची सरासरी गती किती, यावरून टक्केवारी निश्चित होते. समजा विजेत्याला पाच तास लागले आणि टक्केवारी पंधरा निघाली, तर मागच्यांना ४५ मिनिटे मिळतात. म्हणजे पुढचे लोक आपापसांत झुंजत असताना मागच्यांचे घड्याळही तेच चालवत असतात. आणि मागचा माणूस आळशी नसतो, तो जड असतो. सपाटीवर वारा मुख्य शत्रू असतो, तिथे दुसऱ्याच्या आडोशाने बरीच शक्ती वाचते. ताशी १५-२० किलोमीटरने चढताना तो आडोसा फारसा उपयोगी पडत नाही आणि सगळे ओझे ज्याचे त्यालाच ओढावे लागते. त्यामुळे ६० किलोचा चढणारा आणि ८० किलोचा स्प्रिंटर यांच्यात प्रत्येक चढावर मिनिटे जमा होत जातात.

आता शनिवारचा, २५ जुलैचा मार्ग पाहा. सुमारे १७१ किलोमीटर आणि ५६०० मीटर चढ. क्रुआ द फेर, तेलेग्राफ, २६४२ मीटर उंचीचा गालिबिए आणि शेवटी सारेनच्या बाजूने वर. त्या दिवशी ती २१ वळणे नाहीत, ती शुक्रवारी आहेत. मागच्या जथ्याला वेळ वाचवायला दोनच जागा आहेत, उतार आणि मॉरिएनचे खोरे. क्रुआ द फेर उतरल्यावर तेलेग्राफच्या पायथ्यापर्यंत जो खोऱ्यातला रस्ता आहे, तिथे वारा पुन्हा महत्त्वाचा ठरू लागतो आणि वेगवेगळ्या संघांचे प्रतिस्पर्धी आळीपाळीने पुढे येऊन एकमेकांना ओढतात. जथा तिथे मोठा असेल तर तो वाचतो. ज्याला क्रुआ द फेरवरच जथा सुटला, तो एकटा खोऱ्यात सापडतो आणि त्याची टूर बहुधा तिथेच संपते. म्हणून दूरचित्रवाणीवर पुढचे लोक तेलेग्राफवर असतील तेव्हा मागच्या जथ्यात किती माणसे आहेत, हे कोणी सांगते का ते कान देऊन ऐका. संख्येला आणखी एक महत्त्व आहे. २०११ साली गालिबिएच्या माथ्यावर संपलेल्या टप्प्यात ऐंशीहून अधिक सायकलपटू मर्यादेबाहेर आले. इतक्यांना घरी पाठवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांना ठेवून घेतले आणि गुणांच्या स्पर्धेत आघाडीवर, म्हणजे हिरव्या जर्सीत, असलेल्या कॅव्हेंडिशचे २० गुण कापले.

त्याच कॅव्हेंडिशचे आणखी एक उदाहरण देतो, कारण त्यात माझे सगळे म्हणणे येते. २ जुलै २०२४ रोजी टूर गालिबिए ओलांडून व्हालवारला उतरली. त्या दिवशी तो मागच्या जथ्यात, मर्यादेच्या आत पोचला. ३ जुलैला सँ-व्ह्यूल्बासमध्ये त्याने टूरमधला आपला पस्तिसावा टप्पा जिंकला आणि एडी मर्क्सचा ३४ विजयांचा विक्रम मागे टाकला. पस्तिसाव्या विजयाचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. तो विजय शक्य करणारी आदल्या दिवशीची गालिबिएवरची चढाई मात्र किती जणांनी शेवटपर्यंत पाहिली?

वेळ संपली आहे. शनिवारी २५ तारखेला याच सभागृहात मोठ्या पडद्याची सोय केली आहे. विजेता आल्यावर पडदा बंद करू नये, शेवटचा सायकलपटू येईपर्यंत थेट निकाल चालू ठेवावा, ही विनंती मी आयोजकांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. दुसरे, यंदाच्या आपल्या घाटशर्यतीत माथ्यावर नऊ ते साडेअकरा या पाळीला अजून चार माणसे कमी आहेत. वेळ टिपायला दोन, पाण्याला एक आणि चुन्याची रेघ पुन्हा आखायला एक. नावे लिहायची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे.