वाडा कुणाचा, घाट कुणाचा

मंडळी, वाईचा वारसा जपायला हवा का, असं विचारलं तर ‘नको’ म्हणणारा माणूस आपल्या गावात सापडायचा नाही. म्हणून मी तो प्रश्न विचारणंच सोडून दिलंय. मी विचारतो, पूर ओसरल्यावर घाटावरचा गाळ कुणी काढायचा? वाड्याची कौलं कुणी शाकारायची? तिथे मग खरी मतं बाहेर येतात.

ढोल्या गणपतीबद्दल वाद नाही. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली देऊळ बांधलं आणि मागची भिंत माशाच्या आकाराची केली, पुराचं पाणी दुभंगून बाजूने निघून जावं म्हणून. आज वर धोमला धरण आहे, तरी कृष्णा अधूनमधून देवळापाशी येतेच. हे देऊळ बिनवापराचं पडणार नाही, कारण तिथे रोज माणूस येतो. मेणवलीत नाना फडणीसांचा वाडा बघायला लोक लांबून येतात, वसईच्या मोहिमेतून आलेली घंटा बघतात, फोटो काढतात. तेही ठीक चाललंय.

अडतं ते नाव नसलेल्या वाड्यांपाशी. ज्यांच्यावर कुणी लेख लिहिलेला नाही, पण ज्यांच्यामुळे आपली आळी आळीसारखी दिसते, असे वाडे. एका मालकांनी मला सरळ सांगितलं, “वाड्याला हिस्सेदार इतके आहेत की सह्या घ्यायच्या तर निम्म्या पुण्या-मुंबईला आणि एक परदेशात. दुरुस्ती करू कोण? विकायला मात्र सगळे तयार.” ते लोभी आहेत असं मला वाटत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली. चाळीस रुपये भाड्याचे चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. त्यात एक कौल तरी येतं का?

त्याच वाड्यातल्या भाडेकरू आजींचं म्हणणं वेगळं. “आम्ही राहतो, चूल पेटते, केर निघतो, म्हणून भिंती उभ्या आहेत. आम्हाला काढा, दोन पावसाळ्यांत माती होईल.” आजींचं खरं आहे. कुलूप लागलेला वाडा किती झपाट्याने ढासळतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण मालकही खरं बोलतायत. आणि आपण व्याख्यानातून दोघांनाही ‘संस्कृती जपा’ म्हणून सांगतो!

यावर कुणी तरी हमखास म्हणतं, वारसा यादी करा आणि मालकाला टीडीआर द्या, म्हणजे वाड्याच्या जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकायची मुभा. मुंबईत ठीक आहे, तिथे त्याला गिऱ्हाईक आहे. वाईत तो घेणार कोण? इथे मालकाला दुरुस्तीपुरते रोख पैसे आणि घरपट्टीत सूट हवी. नुसतं यादीत नाव घातलं तर तो घाबरून यादी पक्की व्हायच्या आधीच वाडा पाडील.

नव्या वसाहतींतल्या तरुणांना हा सगळा मध्यवस्तीतल्या जुन्या घराण्यांचा विषय वाटतो. त्यांना घाट ठाऊक आहे तो सिनेमाच्या शूटिंगमुळे. शूटिंगने गावात पैसा येतो, त्याला नाक मुरडायचं कारण नाही. पण सेट उतरल्यावर दगडावर राहिलेला रंग कुणी घासायचा, हे करारात लिहून घ्यायला हरकत काय?

आता घाटांकडे बघा. भीमकुंड, मधली आळी, धर्मपुरी, गणपती, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी. कृष्णाबाईचा उत्सव आळीआळीने होतो. आपली पाळी आली की घाट धुवायला, मांडव घालायला, पंगतीचं बघायला आळीतली माणसं आपोआप उतरतात. पुण्यात नोकरी करणारी मुलंसुद्धा रजा टाकून येतात. वाड्याला हिस्सेदार पुष्कळ आणि पाळी कुणाचीच नाही. घाटाचा मालक कुणीच नाही, पण पाळी ठरलेली. मला वाटतं, आपल्याकडे जे टिकलंय ते पाळीमुळे टिकलंय.

मात्र दुरुस्तीचं काम निघालं की याच आळीला कुणी विचारत नाही. ठेकेदार येतो, चुन्याच्या जुन्या सांध्यांत सिमेंट भरून जातो. सिमेंट घट्ट बसतं, आतली ओल बाहेर पडू देत नाही, आणि झीज शेजारच्या दगडाची होते. आमच्या शेजारच्या काकू त्याच पायऱ्यांवर कपडे धुतात. त्या म्हणाल्या, “आधी पाणी मुरायचं, आता साठतं आणि पाय घसरतो.” कुठल्याही अहवालाआधी हे त्यांच्या टाचेला कळलं होतं.

म्हणून नगरपालिकेकडे आपण एकच मागणी करू या. घाटाच्या कामाची निविदा निघण्याआधी नकाशा आणि साहित्याची यादी त्या त्या आळीत लावावी, महिनाभर हरकती घ्याव्यात, आणि त्या ऐकायला अभियंत्यांनी कचेरीत न बसता घाटावर यावं. वेळ सकाळची ठेवावी, म्हणजे कपडे धुणाऱ्या बायकाही तिथेच असतील. अर्जाचा मसुदा दाराशी टेबलावर ठेवलाय. जाताना वाचा, आणि पटला नाही तर सही करू नका, त्यावरच आपलं म्हणणं लिहा.