खानदेशातल्या खोलीसाठी कोणता प्रोसेसर?

(जळगाव जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयात उन्हाळी सुट्टीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित पालकहो आणि विद्यार्थी मित्रहो,

‘इंटेल घ्यावा की एएमडी?’ एवढ्या एकाच प्रश्नावर बोलावे, असे संयोजकांनी मला सुचवले होते. प्रश्न जुनाच आहे. इंटेलची स्थापना १९६८ ची, एएमडीची १९६९ ची, म्हणजे प्रोसेसर बनवणाऱ्या या दोन कंपन्यांची चुरस इथे बसलेल्या बहुतेकांच्या वयापेक्षा मोठी आहे. पण गेमिंगसाठी पीसी असेंबल करणाऱ्याने विचाराची सुरुवात कंपनीपासून केली की पैशांचा हिशेब हमखास बिघडतो, असे माझे मत आहे. आधी मॉनिटर कोणता, त्यावर कोणते खेळ खेळायचे, त्या खेळांना कोणते ग्राफिक्स कार्ड लागेल, आणि या सगळ्याला पुरा पडणारा प्रोसेसर कोणता, अशा क्रमाने विचार करायला हवा. आपल्या भागात त्याला आणखी एक गोष्ट जोडावी लागते, ती म्हणजे हा पीसी ज्या खोलीत ठेवायचा ती खोली.

खेळ चालू असताना प्रोसेसर नेमके काय करतो, ते पाहू. पडद्यावरचे प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड अशा दोघांच्या हातांखालून जाते. कोणता खेळाडू कुठे उभा आहे, झाडलेली गोळी कोणाला लागली, कोसळणारी भिंत कुठल्या दिशेला पडेल, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काय काढायचे याची यादी ग्राफिक्स कार्डाच्या स्वाधीन करतो. ते चित्र प्रत्यक्ष रंगवण्याचे काम कार्डाचे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर ६.९ आणि २४० हव्या असतील तर जेमतेम ४.२. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो, त्यामुळे दोघांपैकी जो मागे पडतो त्याच्याच चालीने खेळ चालतो. दुसऱ्याला कितीही महाग घेतले असले तरी त्याला थांबून राहावे लागते.

आता रिझोल्यूशनचा, म्हणजे पडद्यावर किती ठिपके आहेत याचा, मुद्दा घ्या. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख, म्हणजे बरोबर चौपट. ठिपके वाढले की कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे मात्र जवळजवळ तेवढेच राहते. प्रोसेसरची चाचणी घेणारे लोक हे जाणून असतात, म्हणूनच ते बाजारातले सर्वांत महागडे कार्ड लावून १०८०पीवर किंवा त्याहूनही हलक्या सेटिंगवर खेळ चालवतात, कारण त्यांना कार्डाचा अडथळा दूर करून केवळ प्रोसेसरमधला फरक उघडा पाडायचा असतो. त्यांच्या दृष्टीने ही पद्धत योग्यच आहे. गैरसमज होतो तो आपल्या बाजूला. त्यांच्या चाचणीच्या तक्त्यात एक प्रोसेसर दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के पुढे दिसतो, तो आपण विकत घेतो, त्याला आरटीएक्स ४०६० सारखे मध्यम कार्ड जोडतो, १४४०पी पडद्यावर भरगच्च दृश्यांचा खेळ लावतो, आणि तक्त्यातला तो फरक आपल्या टेबलावर बहुतेक दिसतच नाही.

ज्यांच्याकडे आधीच एखादा पीसी आहे त्यांनी हे घरीच तपासावे, त्यासाठी कोणाचा व्हिडिओ बघण्याची गरज नाही. नेहमीचा खेळ सुरू करून फ्रेमचा आकडा कोपऱ्यात दिसेल अशी सोय करावी, फ्रेमवरची मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या गतीला बांधून ठेवणारी सोय) बंद करावे, एखाद्या गर्दीच्या ठिकाणी उभे राहावे आणि रिझोल्यूशन एकदम खाली आणावे. फ्रेम भराभर वाढल्या तर अडचण कार्डाची होती. आकडा जिथल्या तिथे राहिला तर अडचण प्रोसेसरची किंवा त्याला जोडलेल्या रॅमची (चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या स्मृतीची) आहे, आणि नव्या कार्डावर पैसे घालून काही साधणार नाही.

या चाचणीत व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे स्पर्धेचे खेळ बहुधा प्रोसेसरवर अडतात, कारण ते खेळणारे ग्राफिक्स मुद्दाम खाली ठेवतात आणि त्यांना १६५ किंवा २४० हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या फ्रेम दाखवणारा) मॉनिटर पुरता वापरायचा असतो. सायबरपंक २०७७ सारखा खेळ सगळी सेटिंग वर ठेवून चालवला तर तो बहुतेक वेळा कार्डावर अडतो. तेव्हा एकाच घरातल्या दोन भावांचे खेळ वेगळे असतील, तर दोघांसाठी योग्य प्रोसेसरही वेगळा असू शकतो.

प्रोसेसरवरच अडत असेल तर मग त्यात काय पाहावे? दुकानात कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) किती आणि गिगाहर्ट्झ (वेग) किती, हे दोनच आकडे सांगितले जातात. खेळांच्या बाबतीत तिसरा आकडा अनेकदा जास्त बोलका ठरतो, तो म्हणजे कॅशेचा, प्रोसेसरच्या आतच असलेल्या छोट्या पण वेगवान स्मृतीचा. रॅममधून एखादी गोष्ट आणायला प्रोसेसरला साधारण शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, आणि तेवढ्या काळात त्याची शेकडो आवर्तने वाया जातात. कॅशेत ती आधीच असेल तर वेळ त्याच्या काही अंशांवर येतो. ओट्यावर मसाल्याचा डबा हाताशी असणे आणि फोडणी तडतडत असताना मोहरी आणायला माळ्यावर चढावे लागणे, यांत जो फरक तोच इथे आहे. खेळात पुढच्या क्षणी कोणती माहिती लागेल याचा नेम नसतो, म्हणून डबा जितका मोठा तितके माळ्यावर चढणे कमी.

एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी बाजारात आणला तेव्हा हे लख्ख दिसले. नेहमीच्या ३२ एमबी कॅशेवर आणखी ६४ एमबीचा थर चढवून तो ९६ एमबी केलेला होता. त्याचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ होता, त्याच्याच आधीच्या ५८००एक्सचा ४.७. तरीही खेळांत कमी वेगाचा प्रोसेसर पुढे गेला. एप्रिल २०२३ चा ७८००एक्स३डी आणि नोव्हेंबर २०२४ चा ९८००एक्स३डी हे त्याच वंशातले, दोन्ही आठ कोअरचे. आधीच्या दोघांत कॅशेचा थर कोअरच्या वर असल्याने उष्णता बाहेर पडायला आडकाठी होत असे; ९८००एक्स३डीमध्ये तो थर खाली नेला, त्यामुळे कोअर प्रोसेसरवर बसवलेल्या कूलरच्या जवळ आले आणि वेग ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत नेता आला. इंटेलचा आय९-१४९००के २४ कोअरचा आणि ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा आहे, तरी अनेक खेळांत हे आठ कोअरचे प्रोसेसर त्याच्या पुढे राहतात. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्याला त्या जास्तीच्या कोअरचा खरा उपयोग आहे, नुसते खेळणाऱ्याला फारसा नाही. इंटेलनेच ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेली कोअर अल्ट्रा २०० मालिका वीज वाचवण्यात आधीपेक्षा बरी निघाली, पण काही खेळांत ती स्वतःच्याच १४व्या पिढीच्या मागे पडली.

आकडे वाचताना सरासरी फ्रेमच्या खाली दिलेला सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडाही वाचावा. सरासरी १८० असून मधूनच खेळ ५० वर आपटत असेल तर हाताला जो झटका जाणवतो तो सरासरीत दडून जातो. मोठ्या कॅशेचा लाभ पुष्कळदा या खालच्या आकड्यातच दिसतो.

आता खोलीकडे वळू. जळगाव-भुसावळकडे आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पारा ४५ अंशांपर्यंत जाणे आपल्याला नवे नाही, आणि पत्र्याच्या घरात किंवा गच्चीखालच्या खोलीत दुपारी ३८-४० अंश सहज असतात. प्रोसेसरच्या चाचण्या होतात त्या बहुधा २०-२२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत. प्रोसेसरवरचा कूलर त्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १८ अंशांनी तापली की तेवढ्याच कामाला प्रोसेसरही जवळजवळ १८ अंशांनी जास्त तापतो. चाचणीत ७५ अंशांवर निवांत दिसलेला प्रोसेसर आपल्याकडे ९३ वर पोहोचतो. रायझन ७६०० ची मर्यादा ९५ आहे, ७८००एक्स३डीची ८९, इंटेलच्या १४व्या पिढीची १००. मर्यादा गाठली म्हणून तो जळत नाही, तो आपला वेग उतरवतो; म्हणजे पैसे मोजून घेतलेला वेग नेमका मे महिन्याच्या सुट्टीत, खेळायला सवड असते तेव्हा, हाती लागत नाही.

म्हणून खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यामागे काय आहे ते विचारले पाहिजे. आय५-१४६००के वर १२५ वॉट लिहिलेले असते, पण जोर लागला की तो १८१ वॉटपर्यंत जातो. आय९-१४९००के २५३ वॉटपर्यंत. एएमडीही यात मागे नाही: १२० वॉट म्हणून विकलेल्या प्रोसेसरला १६२ वॉटपर्यंत मुभा असते, ६५ वॉटवाल्याला ८८. मात्र ७८००एक्स३डी खेळताना सहसा १०० वॉटच्या आतच राहतो. शंभर वॉटचा फरक रोज चार तास धरला तर महिन्याला १२ युनिट होतात. बिलात ते फार जाणवणार नाहीत, पण तेवढी उष्णता त्याच खोलीत सोडली जाते, आणि तिथे आपण बसलेले असतो.

एक इशारा इथेच देतो. खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर सोडू नये. ओलसर हवेबरोबर धूळ आणि जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या घरात कापसाचा तंतू आत जातो, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये बसतो आणि त्याचा असा घट्ट थर होतो की ब्लोअरनेही निघत नाही, ब्रशने खरवडावा लागतो. थंडीत जोडलेला पीसी उन्हाळ्यात अचानक अडखळू लागला तर प्रोसेसरला दोष देण्याआधी ती पाती पाहावीत.

प्रोसेसरबरोबर आपण मदरबोर्डही, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो बोर्डही, पत्करतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेवर) २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२२ च्या ५८००एक्स३डीपर्यंतचे प्रोसेसर बसले. अनेक जुन्या बोर्डांवर केवळ बायॉस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) बदलून. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला किमान २०२७ पर्यंत आधार देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. इंटेलच्या एलजीए १७०० वर १२वी, १३वी आणि १४वी अशा तीन पिढ्या बसल्या आणि कोअर अल्ट्रासाठी एलजीए १८५१ हा नवा सॉकेट आला. पुढे केवळ प्रोसेसर बदलून भागवायचे असेल तर आज मला एएम५ कडे कल द्यावासा वाटतो. मात्र त्याला डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅमच लागते, आणि २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले आहेत. घरात आधीच्या प्रकारची चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल, तर एएम४ वरचा रायझन ५ ५६०० किंवा डीडीआर४ बोर्डावरचा आय५-१२४०० यांत काही कमीपणा नाही. दोन्ही सहा कोअरचे, दोन्ही ६५ वॉटचे, आणि मध्यम कार्डाला पुरेसे.

नावाच्या शेवटची अक्षरे मोठ्या शहरापेक्षा आपल्याकडे जास्त महत्त्वाची ठरतात. इंटेलचा ‘एफ’ असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, कारण त्यात पडद्यावर चित्र दाखवणारे स्वतःचे ग्राफिक्स नसते. कार्ड बिघडले आणि वॉरंटीत मुंबई-पुण्याला गेले, की ते परत येईपर्यंत असा पीसी पडदाच दाखवत नाही. अभ्यास, फॉर्म भरणे, सगळे थांबते. त्या थोड्या बचतीसाठी खानदेशात एफ घेऊ नये, असे मी म्हणेन. रायझन ५ ५६०० मध्येही ग्राफिक्स नाही, हे मघाच्या शिफारशीला जोडून सांगतो. रायझन ५ ७६०० मध्ये कामचलाऊ ग्राफिक्स आहे. ज्यांना आज कार्ड परवडत नाही त्यांच्यासाठी रायझन ५ ८६००जी आहे, त्यावर हलके खेळ कार्डाशिवाय चालतात. पण त्याचा कॅशे १६ एमबी, ७६०० चा ३२. आणि कार्डाशी माहितीची ने-आण करायला त्याच्याकडे आठच लेन (वाटा) आहेत. वर्षभरात कार्ड नक्की घेणार असाल तर तो घेऊ नका.

शेवटी सेकंडहँड आणि ट्रे पीसबद्दल, म्हणजे खोक्याशिवाय सुट्या विकल्या जाणाऱ्या प्रोसेसरबद्दल. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील वरच्या प्रोसेसरना चुकीच्या मायक्रोकोडमुळे (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांमुळे) जास्त व्होल्टेज मिळत होते आणि त्यातून ते कालांतराने अस्थिर होत होते. कंपनीने जुलै २०२४ मध्ये कारण सांगितले, ऑगस्टपासून दुरुस्त मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो मायक्रोकोड असलेल्या नव्या बायॉसने पुढची हानी टळते. झालेली भरून येत नाही. १२व्या पिढीला हा दोष नाही. त्यामुळे कोणी स्वस्तात वापरलेला इंटेलचा आय९-१३९००के देऊ केला, तर खोका, बिल आणि वॉरंटी शिल्लक आहे का ते पाहावे. ट्रे पीसची वॉरंटी कंपनी थेट देत नाही, ती विकणाऱ्याकडून घ्यावी लागते. तेव्हा दुकानदाराकडून त्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी, आणि पैसे देण्यापूर्वी दुकानातच अर्धा तास सगळ्या कोअरवर भार टाकून वेग आणि तापमान दोन्ही पडद्यावर चालू ठेवायला सांगावे.