गुलाबी हातांच्या आधीचा सीन

श्रोतेहो, नमस्कार.

लाचखोर पोलिसावर सिनेमा लिहायला बसलं की पहिला सीन ठरलेला: साहेबांचे हात द्रावणात बुडवले, द्रावण गुलाबी झालं, खेळ खल्लास. आपल्या मराठवाड्यात तर गोष्टीचा मालमसालाही तयार आहे. गोदाकाठचं ठाणं, रात्री पात्रातून वाळू ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या केन्या, वाळूनं भरलेला हायवा ट्रक आणि गाडीमागं बांधलेला हप्ता. पण खरा थरार असतो तो मागणीच्या पडताळणीत, आणि नेमकी तीच पडद्यावर दिसत नाही.

तक्रार आली म्हणून लाचलुचपत प्रतिबंधक विभाग लगेच सापळा लावत नाही. आधी दुसऱ्या सरकारी कार्यालयातले दोन पंच बोलावतात. तक्रारदाराजवळ व्हॉइस रेकॉर्डर देतात, सोबत एक पंच जातो. आता साहेबांनी तोंडानं मागायला हवं. मुरलेला माणूस आकडा उच्चारतच नाही. कॅल्क्युलेटरवर टाइप करून दाखवतो, नाहीतर "चहावाल्याकडं देऊन टाक" एवढंच म्हणतो. रेकॉर्डरमध्ये मग फक्त पंख्याची घरघर उरते. बोटं दिसतात ती पंचाला. तो बाहेर थांबला असेल तर तीही गेली. पटकथा लिहिणाऱ्यांनी कॅमेरा इथं लावावा.

मागणी पक्की झाली की नोटांचे नंबर पंचनाम्यात घेतात, नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पावडर लावतात. पावडर लावणारा कर्मचारी सापळ्याला जात नाही. त्याच्याच हातानं पावडर इकडंतिकडं लागली, असं वकिलाला म्हणता येऊ नये म्हणून. तक्रारदाराला बजावलेलं असतं: मागितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. घाईत त्यानं नोटा टेबलावर ठेवल्या किंवा खिशात कोंबल्या, तर बचाव आयताच मिळतो. नंतर सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बोटं धुतली की गुलाबी रंग येतो आणि ते पाणी बाटल्यांत सीलबंद होऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. पण रंगानं हाताला पावडर लागली एवढंच कळतं. पैसे मागितले होते, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

तक्रारदार सोवळा दाखवायचा मोहही टाळा. अनेकदा तो स्वतःच वाळूवाला असतो, आणि खटला उभा राहीपर्यंत दोघांची दिलजमाई झालेली असते. तो फितूर झाला म्हणजे सगळं संपलं, असं मात्र नाही. इतर पुराव्यांवरून मागणी आणि स्वीकार सिद्ध होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ खाली शिक्षा तीन ते सात वर्षं. पण खटला चालवण्याआधी कलम १९ खाली सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा असं २०१८ ची दुरुस्ती सांगते. या फायलीच्या प्रवासावर सिनेमाचा अख्खा उत्तरार्ध निघेल.

२०१८ पासून लाच देणंही स्वतंत्र गुन्हा आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवलं पाहिजे. देण्याआधीच कळवलेलं कधीही बरं, कारण सापळा तेव्हाच लावता येतो. विभागाचा टोल फ्री नंबर १०६४. बीड, जालना, धाराशिव ही छत्रपती संभाजीनगर परिक्षेत्रात येतात. परभणी, हिंगोली, लातूर नांदेड परिक्षेत्रात.